कपाचा कान

लेले बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण व्हर्निअर नक्की असे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण एकदाच हातात धरतो आणि परीक्षा झाली की जन्मात विसरतो, ते जाडी मोजायचं स्टीलचं यंत्र. बाई ते चष्म्याच्या घरात ठेवत आणि चष्मा नुसताच पर्समध्ये टाकत, त्यामुळे चष्म्याला कायम चरे. एकदा एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. वाढप्यानं जिलबी वाढली. बाईंनी व्हर्निअर काढलं, जिलबीची जाडी दोन ठिकाणी मोजली, यंत्र रुमालाला पुसलं आणि मला म्हणाल्या, "एकसारखी नाहीये. पण हातानं केलेल्या वस्तूला एवढं माफ करायचं." आणि मग ती निवांत खाल्ली. समोरच्या ओळीतल्या वरमाय बघतच राहिल्या.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे नवा शेजारी आला की पहिल्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी भाजीची वाटी, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या घरातल्या सगळ्या भानगडी आपल्याला ठाऊक. नोकरीसाठी कोथरूडला राहायला आले, तर समोरच्या दारातून हूं नाही की चूं नाही. म्हटलं, राहिलं बाप्पा, आपलंही काही अडलं नाही. मग एका रविवारी मी बंद पडलेला मिक्सर कचऱ्याच्या गाडीकडे घेऊन निघाले आणि ते दार उघडलं.

"कुठे निघालात याला घेऊन?"

"टाकायला. बटण तुटलंय. कंपनी म्हणते, हे मॉडेल बंद झालं."

"मोटर?"

"चांगली आहे."

"मग मोटरीनं काय गुन्हा केलाय?" असं म्हणून बाईंनी मिक्सर माझ्या हातातून काढून घेतला आणि दार लावलं. नाव नाही, गाव नाही, आणि मी जिन्यात रिकाम्या हातांनी उभी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिक्सर परत आला. त्याला नवंकोरं जांभळं बटण. मी विचारलं, जांभळं का?

"जांभळा दोरा उरला होता. तुम्हाला चटणी वाटायचीय की बटण मिरवायचंय?"

इथून आमची मैत्री सुरू झाली आणि महिन्याभरात मी 'तुम्ही'ची 'अगं' झाले.

दोरा म्हणजे प्लॅस्टिकचा दोरा. बाईंच्या बेडरूममध्ये, जिथे इतरांच्या घरी ड्रेसिंग टेबल असतं तिथे, थ्री-डी प्रिंटर होता. तो दोरा वितळवतो आणि चकली पाडावी तसा गोल गोल सोडत थरावर थर चढवतो, की झाली वस्तू तयार. बाई सदाशिव पेठेतल्या एका शाळेत जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बरोबरीच्या बाकीच्या शिक्षिका चारधामला गेल्या आणि यांनी प्रिंटर आणला. परदेशातली कुठली कुठली माणसं इंटरनेटवर या छंदावर अखंड गप्पा मारत असतात, त्यांच्यात या रात्रंदिवस रमलेल्या. एकदा मला अगदी जिव्हाळ्यानं म्हणाल्या, "ब्राझीलच्या त्या मुलाचा पहिला थरच चिकटत नाहीये गं, फार वाईट वाटतं." मला वाटलं, भाचा वगैरे असेल. तर कसलं काय, ओळख ना पाळख.

सोसायटीची मात्र चैन झाली. वॉशिंग मशीनची बटणं, ड्रॉवरची चाकं, छत्रीच्या मुठी, सगळं बाईंकडे. आणि टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण. ते भारतात कुठल्याच घरी जागेवर नसतं, सेल रबरबँडनं आवळलेले असतात. आमच्या तिन्ही इमारतींत एक रबरबँड उरला नाही. मात्र कुणी "बाई, हे तुटलं" म्हणत आलं की त्या आधी वाक्य दुरुस्त करत. "तुटलं नाही म्हणायचं. एक भाग कमी आहे म्हणायचं." कुकरचा दांडा किंवा कढईची मूठ घेऊन आलं की सरळ परत पाठवत. "हा दोरा गरम झाला की मऊ पडतो. भाजाल आणि मला शिव्या द्याल."

बोलणं सगळं भूमितीतलं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हमरीतुमरी चालली, की बाई मागच्या खुर्चीवरून विचारत, "पक्ष काय, साध्य काय ते आधी सांगा. सिद्धता मागाहून." अध्यक्ष म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. टक्कल पडलेला तो बाप्या बिचारा उभा राहून उत्तर द्यायचा.

चुकत नव्हत्या असं नाही. एका गणपतीत महिला मंडळानं त्यांना मोदकाचा साचा करायला सांगितलं. दुकानातले साचे म्हणे नाजूक कळीचे नसतात. बाईंनी कुणा परदेशी माणसानं केलेलं फुलाच्या कळीचं चित्र उतरवून घेतलं, त्याचा साचा बेतला, प्रिंटर सुरू केला आणि दोन तास लागतील म्हणून भाजीला गेल्या. परत येऊन बघतात तर यंत्र केव्हाच थांबलेलं आणि तबकडीवर हरभऱ्याएवढा साचा. त्या परदेशी माणसाची मापं इंचात होती. प्रिंटरनं ते आकडे मिलिमीटर समजून छापले. या छंदातले सगळे लोक आयुष्यात एकदा इथे आपटतात म्हणे. दुसरी कुणी असती तर साचा लपवला असता. बाईंनी त्यात मुगाएवढं सारण भरून, चिमट्यानं धरून एक मोदक काढला आणि आरतीच्या वेळी मूर्तीपुढे ठेवला. अध्यक्षांनी भीत भीत विचारलं, बाई, बाप्पाला एवढासा?

"बाप्पाचे येतायत मोठे. हा उंदराचा आहे."

घरात मात्र त्यांची डाळ शिजत नसे, कारण घरात अप्पा होते. अप्पा म्हणजे बाईंचे यजमान. पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते तयार मालाची तपासणी करायचे. जन्मभर दुसऱ्याच्या कामावर 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा पगार घेतलेला माणूस. निवृत्त झाले, तरी शिक्का काही सुटला नाही. पोहे रिजेक्ट, क्रिकेटचा संघ रिजेक्ट, जावई थोडक्यात पास. मला पहिल्या भेटीत म्हणाले, "हिला काही मोडकं दिसलं की आनंद होतो. माझ्याशी लग्न त्याच भरात केलं असावं."

यातलं शेवटचं ते हसत म्हणत, पण तेव्हा ते खरंच मोडलेले होते. म्हणजे बाईंच्या भाषेत, एक भाग कमी होता. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत राहिलं, हे सगळ्यांचं दुर्दैव, असं तेच सांगत. चालताना डाव्या हातात काठी लागायची आणि उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. कप धरता येईना.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या कपाचं. तर चौकातल्या अमृततुल्यावर अप्पांचा रोज सकाळचा कट्टा होता. पाच-सहा म्हातारे उभ्यानं चहा घेत आणि देशाच्या कारभारातल्या चुका काढत. झटक्यानंतर अप्पा एकदाच तिथे गेले. काठी भिंतीला टेकवून, डाव्या हातानं कसाबसा ग्लास उचलला. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर गंमत नव्हती. "मी ग्लास उचलला की सगळ्यांच्या गप्पा थांबायच्या. सगळे ग्लासाकडे बघणार. मी खाली ठेवला की पुन्हा सुरू. चहा प्यायला गेलो होतो मी, डोंबाऱ्याचा खेळ करायला नाही." त्या दिवसापासून कट्टा बंद. खिडकीत खुर्ची टाकून दिवसभर बसत. डॉक्टरांनी नळीनं प्या म्हटलं, तर "मी काय वाढदिवसाला आलोय?" मेडिकलमधून झाकणाचा पेला आणला, तर "नातवाचा चुकून इकडे आला वाटतं."

बाईंनी ते मनावर घेतलं. साऱ्या सोसायटीची बटणं बाजूला पडली. साध्य एकच, अप्पांनी कट्ट्यावर जाऊन चारचौघांत उजव्या हातानं चहा प्यायचा. त्या कपाला कान करायला लागल्या. साधा कान नव्हे. कपाभोवती कडं बसवून अडकवायचा, चार बोटं नुसती आत सरकवायची, मिटायची गरज नाही, आणि कप आपोआप हातात बसेल असा. अप्पांच्या बोटांची मापं घेतली. ते झोपले असताना घेतली, कारण जागेपणी देत नव्हते. पहिला कान झाला.

"रिजेक्ट."

"कारण?"

"कारण देणं बंधनकारक नाही."

दुसरा करंगळीला टोचतो म्हणून रिजेक्ट, तिसरा जड म्हणून, चौथा रंगावरून. मी एकदा बाईंना म्हटलं, कशाला ऐकून घेता एवढं? तर म्हणाल्या, "अगं, खिडकीत बसून नुसते रस्ता बघत होते. आता सकाळी उठल्याबरोबर विचारतात, आज काय काढलंस? बघू. चुका काढायला मिळाल्या की त्यांना बरं वाटतं. मी मुद्दाम एखादी ठेवतेसुद्धा." हे सांगताना त्या लाजल्या.

शेवटी एक कान घरच्या कपाला नीट बसला. पण अमृततुल्यावर कप नसतात, काचेचे छोटे ग्लास असतात, वर रुंद खाली निमुळते. बाई मला म्हणाल्या, सोबत चल, मला एकटीला तिथे कसंसंच होतं. मग आम्ही दोघी गेलो. चहा प्यायलो. बाईंनी पर्समधून व्हर्निअर काढलं आणि रिकाम्या ग्लासाचं तोंड मोजलं, बूड मोजलं, मग ट्रेमधले आणखी दोन धुतलेले ग्लास उचलून तेही मोजले. गल्ल्यावरचे शेठ हातातलं काम टाकून आले.

"मॅडम, कुठल्या खात्याकडून?"

"गणित," बाई म्हणाल्या. लक्ष सगळं ग्लासात.

शेठचा चेहरा उतरला. असं खातं त्यांनी ऐकलं नव्हतं, पण सरकारचा काय नेम. "ग्लास सगळीकडे हाच असतो मॅडम. आम्ही कमी भरत नाही कधी. काठोकाठ देतो."

"काठोकाठ नको. सांडतो."

शेठला हे कळलं नाही. कळलं एवढंच, की तपासणी झाली. दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात प्रत्येक ग्लास असा भरून मिळायला लागला, की लोक ओठ खाली नेऊन पहिला घोट घ्यायचे. मी तिथल्याच बसथांब्यावर उभी असते, त्यामुळे मला हसू आवरेना. पण त्याचा त्रास पुढे आम्हालाच व्हायचा होता.

ग्लासाचा कान झाला. पाण्यानं भरलेला ग्लास घेऊन अप्पांनी घरात चार फेऱ्या मारल्या. म्हणाले, "दिसायला दरिद्री आहे. पण चालेल." आणि बाईंना बजावलं, "तू तिथे यायचं नाहीस."

त्या सकाळी मी बसथांब्यावर होते. अप्पा काठी टेकत आले. मित्रांनी जागा करून दिली. जोगळेकर म्हणून त्यांचे पोस्टातून निवृत्त झालेले मित्र हात खिशात घालून शेजारी उभे राहिले, आणि दुकानातल्या पोऱ्यानं ग्लास कानात बसवून दिला. चहा काठोकाठ, आणि भट्टीवरून नुकताच उतरलेला. अप्पांनी हात उचलला. गप्पा थांबल्या. सगळे बघायला लागले. हात छातीपर्यंत आला आणि कान हळूहळू वाकायला लागला. तापलेल्या काचेनं दोरा मऊ पडला. ग्लास एका बाजूला कलत कलत गेला आणि सगळा चहा जोगळेकरांच्या बुटावर. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अप्पा काठी फिरवून घराकडे वळले, आणि माझी बस आली तरी मी चढले नाही.

संध्याकाळी बाईंकडे गेले. प्रिंटर बंद. त्या पलंगावर बसलेल्या.

"सगळ्या गावाला सांगते की गरम भांड्याला लावू नका. माझ्या डोक्यात आलंच नाही गं. घरी ते चहा पार गार करून पितात. मी चहा म्हटलं की त्यांचाच चहा धरला."

"अप्पा काय म्हणाले? रिजेक्ट?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही ना. मी विचारलं, कसा होता? तर म्हणाले, चांगला होता. पास केलं त्यांनी. एवढ्या वर्षांत माझं काहीही पास केलं नाही, आणि आज पास केलं."

मलाही रडू आलं. बाहेर अप्पा खिडकीत बसले होते. मी चप्पल घालताना त्यांनी मान वळवली नाही.

पुढचे काही दिवस त्या घरातून आवाजच आला नाही. मग एका सकाळी माझ्या नाकात वरणाचा वास आणि बाईंच्या दारातून कुकरच्या शिट्ट्या. जाऊन विचारलं, तर कुकरमध्ये खाली वरण, वर भात, आणि सगळ्यात वर ताटलीत काळ्या रंगाचा कान. नव्या जातीचा दोरा होता, उष्णतेला टिकणारा. ब्राझीलच्या त्या मुलानं सुचवला होता. तीन शिट्ट्यांनंतर बाईंनी झाकण काढलं, कान सांडशीनं बाहेर घेतला, मोजला. तसूभर फरक नव्हता. वरणाला मात्र कसलातरी चमत्कारिक वास आला. ते आम्ही दोघींनी गुपचूप टाकून दिलं.

पण अप्पा हात लावायला तयार नव्हते. "पास झालाय ना मागचा? मग पुन्हा कशाला?"

त्याच संध्याकाळी जोगळेकर आले. येताना तो वाकलेला कान रुमालात बांधून आणला होता. तो त्यांनी अप्पांसमोर ठेवला. "लेले, तुमचा माल तिथेच राहिला होता."

"बुटाचं काय झालं?"

"बूट तपकिरीच होते. आता दोन्ही सारखे दिसावेत म्हणून दुसऱ्यावर टाकायला या. तुम्ही नसलात की कट्ट्यावर सगळे एकमेकांना बरोबर म्हणतात. फार कंटाळा येतो."

अप्पा बराच वेळ तो वाकडा कान उलटसुलट करत बसले. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "काय गं, नवीन काढलायस म्हणालीस. आण बघू."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर थांब्यावर गेले. अप्पा आले, बोटं कानात सरकवली, ग्लास उचलला. गप्पा थांबल्याच. सगळ्यांचे डोळे ग्लासावर. अप्पा एक घोट प्यायले, ग्लास अजून हातातच धरून ठेवला आणि म्हणाले, "साखर जास्त आहे." त्यावरून जे भांडण जुंपलं, त्यात माझ्या दोन बस गेल्या.

मी बाईंना सांगायला धावतच वर गेले. आधी म्हणाल्या, मनगट किती वळलं? कोपर वर गेलं का? मी म्हटलं, बाई, पाहिलं नाही, ते भांडत होते. बाई "भांडत होते?" म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. तेवढ्यात अप्पा आलेच. काठी कोपऱ्यात ठेवली. उजवा हात रिकामा.

"कान कुठाय?" बाई म्हणाल्या.

"रिजेक्ट."

बाईंचा चेहरा असा फुलला, की मला आधी कळेचना. "कारण?" त्या म्हणाल्या.

"एकाच माणसाच्या मापाचा आहे. जोगळेकरांना लावून बघितला, सैल होतो. त्यांचा हात थरथरतो. वर्षभर खिशात घालून उभे राहतात आणि मी घरून पिऊन आलोय म्हणून सांगतात. आम्हा गाढवांना कळलं नाही. कान त्यांच्याकडेच ठेवलाय, घेऊन येतील उद्या. माप घे त्यांचं." आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आणि माझा दुसरा कर. करंगळीला टोचतो."

पुढे मी वारज्याला स्वतःच्या घरात राहायला गेले. बरेच महिने जाणं झालं नाही. मध्यंतरी एका सकाळी कोथरूडला काम होतं म्हणून वर डोकावले, तर दार उघडंच. हॉलमध्ये सोफ्यावर पाच म्हातारे ओळीनं बसलेले, हात पुढे करून. दोघांना मी ओळखलं, बाकीचे कुठल्या कुठल्या कट्ट्यांवरून आले होते देव जाणे. बाई स्टुलावर बसून एकेकाची बोटं मोजत होत्या. "हात ढिला सोडा. परीक्षा नाहीये. तुम्ही मागचे, गडबड नको." मला बघून "बस गं, पाच मिनिटं" म्हणाल्या आणि पुन्हा खाली वाकल्या. एक आजोबा मला गुलाबी नको म्हणून हट्टाला पेटले होते, जोगळेकर त्यांना गुलाबीच कसा शोभेल ते पटवत होते.

अप्पा खिडकीपाशी उभे राहून सगळ्यांचीच चूक काढत होते. बोलता बोलता त्यांनी उजवा हात उचलला आणि चहा प्यायले. थोडा शर्टावर सांडला. कुणी पाहिलं नाही. बाईंनीसुद्धा नाही.